गाईडच्या शिबिरात या लेकराला न्यावं का?

गाईडवाल्या_मॅडम

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका गावच्या शाळेत मी मराठी शिकवते, आणि अकरा वर्षांपासून गाईड कॅप्टन आहे. गावाचं नाव सांगत नाही, आपल्याकडे चार प्रश्नांत ओळख निघते. लेकराबद्दलचे एक-दोन तपशीलही मुद्दाम बदललेत.

सातवीतलं लेकरू आहे. दाखल्यावर मुलगा. मला पहिल्यांदा कळलं ते निबंधाच्या वहीतून. 'मी सकाळी उठते, आजीला केळीच्या बागेत डबा नेऊन देते.' मी लाल पेनाने 'उठतो', 'देतो' करून दिलं. पुढच्या वहीत पुन्हा 'उठते'. पुन्हा लाल पेन. तिसऱ्या वेळी वाक्यच बदललेलं: 'सकाळी उठणं होतं. आजीला डबा पोहोचवला जातो.' सातवीतल्या लेकराने कर्मणी प्रयोगाचा असा आडोसा घेतलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. पेन खाली ठेवला.

घरी अहिराणी बोलतात. 'मी येस, मी जास', पोऱ्या म्हणो की पोर म्हणो, क्रियापद तेच. शाळेत आलं की आमची प्रमाण मराठी पहिल्याच वाक्याला अडवते, तू येतो की येते? मराठीची बाई असून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आता मुद्दा. शाळेत स्काऊटचं पथकही आहे. स्काऊटचे सर चांगले आहेत, पण पथकातली पोरं 'बायल्या' म्हणतात, आणि एकदा स्कार्फ गळ्याला आवळून गंमत केली. तेव्हापासून लेकरू दर गुरुवारी आमच्या कवायतीच्या वेळी लिंबाच्या झाडापलीकडे उभं राहायचं. हातात सुतळी. क्लोव्ह हिचची गाठ माझ्या संघनायिकेपेक्षा नीट बांधतं. दिवाळीनंतर विचारलं, "मॅडम, मला गाईडमध्ये घ्या ना."

गुरुवारी मी घेते. रजिस्टरात नाव नाही, पण रांगेत उभं असतं. मुलींची काही तक्रार नाही. मैदानावर मुलगी काय अन् मुलगा काय, गाठ ती गाठच. पण जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला तीन दिवसांचं शिबिर आहे. दोन रात्री, तंबू. फॉर्मवर लिंगाचा रकाना.

मुख्याध्यापकांना भीतभीत सांगितलं, तर त्यांनी मोबाइलवर बातमी पाठवली: इंग्लंडच्या गर्लगायडिंग या गाईड संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, ट्रान्स मुलींना (म्हणजे दाखल्यावर मुलगा, पण स्वतःला मुलगी मानणाऱ्यांना) यापुढे नव्याने प्रवेश नाही. खाली सरांची ओळ, "बघा मॅडम, जिथून गाईड आलं तिथेच बंद झालं."

शिबिरं चालवलेल्यांना, मुलींना पाठवणाऱ्यांना, आणि ज्यांच्यावर हे गुदरलंय त्यांना विचारते. काय करू?

भुसावळ_पॅसेंजर

मॅडम, दाखल्यावर मुलगा आहे ना, मग स्काऊटमध्ये टाका. विषय संपला. ही परदेशी खुळं आपल्याकडे कशाला? तेही आता शहाणे झाले.

गाईडवाल्या_मॅडम

भाऊ, स्काऊट-गाईडही परदेशीच होतं की. आणि हे लेकरू इंग्लंडहून आलेलं नाही, केळीच्या बागेतून आलंय. स्काऊटमध्ये होतं तेव्हा स्कार्फचं काय झालं ते वर लिहिलंय, तेवढं वाचा.

जुना_स्काऊटमास्तर

ताई, चोपडा तालुक्यात मी एकतीस वर्षं पथक चालवलं. खाकीच्या काळातला माणूस आहे.

तुमच्या मुख्याध्यापकांना माझ्याकडून एक सांगा. गाईड 'आलं' कसं? १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली आपल्या आपण गणवेश करून हजर झाल्या. आम्ही गर्ल स्काऊट, म्हणाल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यातून पुढच्या वर्षी स्काऊटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी बहीण अ‍ॅग्नेसकडे मुलींची वेगळी संघटना सोपवली. आणि आपल्याकडे स्काऊटिंग सुरू झालं ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी. आपल्या पोरांना घेत नव्हते. म्हणून अ‍ॅनी बेझंट, मदन मोहन मालवीय यांना वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. स्काऊटांच्या संघटना मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स झालं ते १९५० साली, गर्ल गाईड्स त्यात आल्या १९५१ मध्ये. दाराबाहेर उभं राहून 'मला घ्या ना' म्हणणारं तुमचं लेकरू या घराण्यातलं पहिलं नाही.

अमेरिकेत तर बॉय स्काऊट्सने २०१७ मध्ये ट्रान्स मुलग्यांना घ्यायचं ठरवलं, २०१९ पासून मोठ्या वयाच्या पथकांत मुली आल्या, आणि २०२५ मध्ये नावातलं 'बॉय'सुद्धा गेलं. स्काउटिंग अमेरिका म्हणतात आता. म्हणजे एका देशात दार उघडलं, दुसऱ्यात लागलं. त्यांच्याकडे बघून आपलं ठरवायचं म्हटलं तर रोज वेगळं ठरवावं लागेल.

आता शिबिराचं. तंबूचा बाऊ करू नका, पण हयगयही करू नका. आमचा नियम होता, मोठं माणूस एकटं एका पोराबरोबर तंबूत थांबणार नाही, कधीही, कोणीही. तो नियम पाळलात तर निम्मे आळ येतच नाहीत. आंघोळीला आडोसे वेगळे, वेळा वेगळ्या. ते तर सगळ्याच पोरींना हवं असतं.

एक कबुली देतो. माझ्याकडेही असं एक पोरगं होतं, बरीच वर्षं झाली. शेकोटीला मुलीची सोंगं छान करायचं, सगळे टाळ्या वाजवायचे, मीही. बाकी दिवस त्याला त्रास व्हायचा तेव्हा मी त्याला स्वयंपाकाकडे पाठवून द्यायचो. म्हणजे नजरेआड. दहावीनंतर ते कुठे गेलं, मी विचारलं नाही.

दोन_मुलींची_आई

मला इथे शिव्या पडतील, तरी लिहिते.

माझी मोठी गाईडमध्ये आहे. तिला पहिली पाळी शिबिरात आली. घाबरली, पण तंबूत सगळ्या मुलीच होत्या, दोघींना आधीच येऊन गेलेली, त्यांनी सगळं केलं. मला घरी आल्यावर कळलं. आमच्या घरात सासरे, दीर, दोन खोल्या. तिला मोकळं वागायला मिळतं ते वर्षात तेवढे तीन दिवस. त्या तंबूत दाखल्यावर मुलगा असलेलं कोणी असतं, तर ते कितीही गुणी असो, माझी पोरगी रात्रभर पोट धरून गप्प पडली असती. मी तिला ओळखते.

त्या लेकराला मी वाईट म्हणत नाही. स्कार्फचं वाचून अंगावर काटा आला. पण मॅडम, 'मुलींची काही तक्रार नाही' हे तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही समोर उभ्या राहून विचारलं, "काय गं, चालेल ना?" तर पोरी 'हो मॅडम' याशिवाय काय म्हणणार? आपणच त्यांना तसं वाढवलंय.

आणि पालकांना न सांगता करू नका. पुढच्या वर्षी गावातून एकही मुलगी गाईडला येणार नाही.

धुळे_कोर्ट

वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, माहिती.

इंग्लंडमधला निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १६ एप्रिल २०२५ च्या निकालानंतर आला. त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जैविक स्त्री, असा तो अर्थ लावला गेला. तो आपल्याला लागू नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल, ज्याने आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केला, आणि २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा. त्याचं कलम १३ सांगतं की सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना खेळ, करमणूक वगैरेंत भेदभाव न करता संधी द्यायची. म्हणजे 'तुला शिबिरच नाही' म्हणता येणार नाही, असं माझं मत. तंबू कोणता, यावर कायदा गप्प आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळतं, अल्पवयीनासाठी अर्ज आई-वडिलांनी किंवा पालकांनी करायचा.

एनसीसीचं उदाहरण जवळचं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका ट्रान्स महिलेला मुलींच्या विभागात अर्ज करू द्या म्हटलं. २०२५ मध्ये तिथेच एका ट्रान्स पुरुषाची याचिका फेटाळली गेली, कारण १९४८ च्या एनसीसी कायद्यात पुरुष आणि स्त्री एवढेच विद्यार्थी आहेत.

आणि केरळला कशाला जायचं? आपल्या जळगाव तालुक्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर अंजली पाटील यांचा अर्ज त्या तृतीयपंथी म्हणून नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आणि त्या निवडून आल्या! गावाने मतं दिली की.

भुसावळ_पॅसेंजर

भादलीचं खरं आहे. पण मोठं माणूस वेगळं, बारा वर्षांचं पोर वेगळं.

तंबू_नंबर_चार

मी नंदुरबारकडचा. शाळेत माझा दाखला मुलीचा होता. आज पुण्यात नोकरी करतो, दाढी आहे.

मी गाईडमध्ये होतो. गाईडच्या परीक्षांत तृतीय सोपानापर्यंत गेलो. सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे बिनभांड्याचा स्वयंपाक. पऱ्हाट्यांवर वांगी भाजून केलेलं भरीत, ते केळीच्या पानावर. नावडलेली गोष्ट म्हणजे रात्र. तंबू नंबर चारमध्ये अकरा मुली आणि मी. त्या कपडे बदलायला लागल्या की मी बाहेर शेकोटीपाशी जाऊन बसायचो. बाईंना वाटायचं, काय मेहनती पोर आहे, पहारा करते.

स्काऊटमध्ये टाकलं असतं तर बरं झालं असतं का? नाही हो. मार खाल्ला असता. म्हणून 'दाखला बघा' किंवा 'मन बघा' असं एका शब्दात सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. दिवसा मला मुलग्यांत जायचं होतं, रात्री मला कोणातच जायचं नव्हतं.

दोन मुलींच्या ताई, तुमचा राग आला नाही. तुमची मुलगी जे सांगू शकली नसती, तेच मीही सांगू शकत नव्हतो. मॅडम, मुलींना विचारायचं तर चिठ्ठ्या घ्या, नाव न घालता, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन देऊन. लेकराला मात्र सगळ्यांपुढे उभं करून 'सांग तुला काय वाटतं' करू नका. प्रमाणपत्राचीही घाई नको, बारा वर्षांच्या जिवाला आज शिबिराला जायचंय, कलेक्टर ऑफिसला नाही. आणि रात्री कुठे झोपायला आवडेल, हे त्यालाच विचारा. तिलाच. तुम्ही 'लेकरू' लिहिताय ते बरं केलंत.

गाईडवाल्या_मॅडम

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. सहामाहीचे पेपर नव्हेत, घरोघरी जाणं चाललं होतं.

आधी कबुली. दोन मुलींच्या ताईंचं वाचून मला झोंबलं, कारण मी अगदी तसंच विचारलं होतं, समोर उभी राहून. मग चिठ्ठ्या घेतल्या. बावीस मुली. गुरुवारच्या कवायतीला बावीसच्या बावीस 'हो'. रात्री एका तंबूत म्हटल्यावर तेरा 'हो', सात 'नाही', एक कोरी, आणि एकीने लिहिलं, 'तिला आमच्या संघात द्या, आमच्याकडे कोणाला गाठी येत नाहीत.' तिला! मी तो शब्द कुणाला शिकवलेला नाही.

सात म्हणजे काही थोड्या नव्हेत. त्या सात जणींवर मी काही लादणार नाही.

लेकराची आई आली, पदर तोंडाला लावून बसून राहिली. वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात आहेत, त्यांना फोनवर 'शिबिर आहे' एवढंच सांगितलंय. कोणतं शिबिर, ते आईने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. हे मला टोचतंय. आजी मात्र सरळ म्हणाली, "जसं शे तसं आपलंच लेकरू शे. मी येस ना संगे, भाकरी कोण थापी तुमना तठे?"

आणि त्यातूनच मार्ग निघाला. आम्हाला शिबिरात स्वयंपाकाला बाई लागतेच. आजी येणार, कळण्याच्या भाकरी करणार. स्वयंपाकाचा तंबू वेगळा असतो, तिथे आजी, दुसऱ्या एक मावशी आणि लेकरू. दिवसभर मुलींबरोबर, संघात, गणवेशात. लेकराला विचारलं. थोडा वेळ सुतळीशी चाळा केला, मग म्हणालं, "आजी घोरते." तेवढीच हरकत.

मास्तर, तुमची कबुली वाचल्यावर 'स्वयंपाकाकडे पाठवणे' मला सहज जमलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. फरक एवढाच आहे की सकाळी शिट्टी वाजली की ते माझ्या रांगेत असेल.

गावातल्या पालकांची सभा घेतली. चौघांनी मुलींची नावं काढून घेतली, त्यातल्या दोन परत आल्या. मुख्याध्यापकांनी भादलीची गोष्ट ऐकून घेतली, 'लेखी काही मागू नका' म्हणाले. फॉर्मवरचा रकाना अजून कोरा आहे, शुक्रवारपर्यंत भरायचाय. तिथे काय लिहायचं ते आई सांगेल, मी नाही.

आता एक व्यवहाराचं विचारते. आजीचे गुडघे दुखतात, जमिनीवर झोपता येत नाही. तंबूत दोरीची बाज कोणी नेली आहे का? आणि बसच्या टपावर चढवू देतात का?