बांधकामाशेजारी हिवतापाचे टिकाऊ नियंत्रण कसे करावे?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे): आमच्या सोसायटीला लागून टॉवर उभा राहत असून यंदा दोन घरांत हिवताप झाला. धूरफवारणी होऊनही डास परततात. संशोधक आणि रहिवासी मिळून काही करू शकतील का?

उत्तर (ऐरोली): जरूर. धुराने उडणारे डास मरतात, अळ्या मात्र तशाच राहतात. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास गच्चीवरील टाक्या, लिफ्टचे खड्डे आणि स्लॅबवर क्युअरिंगसाठी (काँक्रीट ओले ठेवून पक्के होण्यासाठी) अडवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगतात, हे बॅटरीच्या उजेडात कोणालाही दिसते. अळ्या कुठे दिसल्या याच्या नोंदी दर आठवड्याला रहिवाशांनी ठेवल्यास कीटकशास्त्रज्ञांना त्यांचा फार उपयोग होईल.

प्रश्नकर्ता: टाकीत गप्पी मासे सोडावेत का?

उत्तर (कळवा): पिण्याच्या टाकीला घट्ट झाकणच हवे. मला अधिक काळजी मजुरांची वाटते. व्हायवॅक्स या हिवतापाच्या प्रकाराचे परजीवी यकृतात सुप्त राहतात, म्हणून ताप उतरल्यावरही डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विन या औषधाचा, सहसा 14 दिवसांचा, कोर्स पूर्ण करावा लागतो आणि साइट बदलली की तोच अर्धवट सुटतो. म्हणून संशोधक आणि रहिवाशांचा अभ्यासगट केलात, तर त्यात मुकादमाला पहिल्याच बैठकीपासून बसवा.