मदत हवी आहे: वाऱ्यात १-० वरून १-२. दुसऱ्या हाफमध्ये नेमकं काय बदलायला हवं होतं?

किनारपट्टी_११

मंडळी, हौशी फुटबॉल संघ आहे, सिंधुदुर्गातला. लाल मातीचं मैदान, समुद्र सरळ रेषेत दीडेक किलोमीटर. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, सामना सकाळी साडेअकराचा, ३५-३५ मिनिटांचा. मैदान उत्तर-दक्षिण. टॉस जिंकून वारा पाठीशी घेतला, म्हणजे पहिल्या हाफमध्ये दक्षिणेच्या गोलवर चढाई. हाफटाइमला १-०. त्यानंतर वारा एकदम वाढला. ५१व्या मिनिटाला बरोबरी आणि ६९व्या मिनिटाला कॉर्नरवर दुसरा गोल खाल्ला.

मोबाइलवरचं शूटिंग बघून मोजलं: दुसऱ्या हाफमध्ये आमच्या ११ गोलकिक (समोरच्यांकडून बॉल गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलजवळून मारायची किक), सगळ्या लांब आणि उंच. मध्यरेषा ओलांडली फक्त ३ नी. उरलेल्या ८ पैकी ६ वेळा पहिला हेड समोरच्यांचा. रचना ४-४-२ (चार बॅक, चार मध्यात, दोन फॉरवर्ड), शेवटपर्यंत तीच.

प्रश्न असे:
१. टॉसला चूक झाली का?
२. बरोबरीच्या गोलआधी आमची गोलकिक वाऱ्याने मागे आली. दुसऱ्या कोणाचा पाय लागण्याआधी आमच्या गोलीनेच (गोलकीपरनेच) ती पुन्हा मारली. रेफ्रीने आमच्या डीमध्येच (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात) इनडायरेक्ट फ्री किक (दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श झाल्याशिवाय जिच्यावर गोल धरत नाहीत ती) दिली, त्यावर गोल. हे नियमात बसतं का?
३. वाऱ्याच्या तोंडावर गोलकिक मारायची कशी?
४. शेवटच्या दहा मिनिटांत १-१ राखायचं कसं?

शिट्टी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे वाद नाही. रेफ्री बरोबर. गोलकिक मारणाऱ्याने, बॉल दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला लागण्याआधी, पुन्हा बॉलला पाय लावला की इनडायरेक्ट फ्री किक. २०१९ पर्यंत बॉल डीच्या बाहेर जाईपर्यंत खेळात धरला जात नव्हता, त्यामुळे आतच अडकलेली किक पुन्हा मारायला मिळायची. आता बॉल मारला आणि स्पष्ट हलला की खेळ चालू. जुन्या सवयीचे बरेच गोली इथेच फसतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे, तुमच्या गोलीने तो बॉल सोडून दिला असता आणि तो कोणालाही न लागता थेट तुमच्याच जाळ्यात गेला असता, तर गोल झालाच नसता. समोरच्यांना फक्त कॉर्नर मिळाला असता. म्हणजे मागे येणाऱ्या गोलकिकला गोलीने हात नाही लावायचा, पायही नाही. जवळच्या बॅकने धावत येऊन खेळायचं. समोरचा फॉरवर्ड आधी पोहोचणार असेल तर तो वेगळा हिशोब, पण तेव्हाही गोलीने अंग आडवं घालून जागा अडवायची आणि बॉल त्याने खेळल्यावरच झेप घ्यायची.

अशी फ्री किक मिळालीच तर एक सवलत लक्षात ठेवा. बॉल गोलपासून ९.१५ मीटरच्या आत असेल तर बचाव करणारे दोन खांबांच्या मध्ये गोलरेषेवर उभे राहू शकतात. सगळे ११ जण उभे करा. गोल ७.३२ मीटर रुंद आहे, अकरा जणांत फट फार उरत नाही. बॉलला दुसऱ्याचा स्पर्श होईपर्यंत रेफ्रीचा हात वर असतो. पहिला स्पर्श झाला की सगळ्यांनी एकदम पुढे धावायचं.

उजवा_हाफ

टॉसबद्दल लिहितो. वारा "एकदम" वाढला नाही हो. तो त्या वेळी रोजच वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, हलका. जमीन तापली की दुपारच्या सुमाराला खारा वारा सुरू होतो, बहुतेक वायव्येकडून, आणि दोन-चार वाजेपर्यंत चढत जातो. संध्याकाळी पडतो. साडेअकराला तुम्ही टॉसवर जो वारा घेतला तो नावापुरता होता. सव्वाबाराला बाजू बदलल्यावर खरा वारा आला आणि तो समोरच्यांच्या पाठीशी.

म्हणून आपल्याकडे टॉस नुसतं झेंड्याकडे बघून करायचा नाही, घड्याळ बघून करायचा. सकाळी उशिरा किंवा भर दुपारी सुरू होणारा सामना असेल तर वारा दुसऱ्या हाफसाठी राखून ठेवायचा. चारनंतरचा असेल तर पहिल्यांदा घ्यायचा. २०१९ पासून टॉस जिंकणाऱ्याला बाजू किंवा किकऑफ यातलं एक निवडता येतं. तुम्ही किकऑफ मागितलात तर बाजू समोरचे निवडतात, ते विसरू नका.

मैदान पूर्व-पश्चिम असेल तर गंमत आणखी वेगळी. मतलईच्या वेळी वारा एका टोकाकडून आणि तासाभरात बरोबर उलट्या टोकाकडून. तिथे नीट वेळ साधली तर दोन्ही हाफ वारा पाठीशी मिळू शकतो.

किनारपट्टी_११

शिट्टी, उजवा_हाफ, धन्यवाद. वाऱ्याचा अंदाज मैदानावर कसा घ्यायचा? कॉर्नरचे झेंडे तर सतत फडफडतच असतात.

उजवा_हाफ

झेंडा दीड मीटरचा. तो जमिनीजवळचा वारा दाखवतो आणि तिथे वारा मंदच असतो. उंच बॉल जातो दहा-बारा मीटरवर, तिथला वारा माडाच्या शेंड्याला विचारा. झावळ्या एकाच बाजूला ओढलेल्या राहत असतील तर हवेतून खेळायचं विसरा. ढोबळ मापं अशी: धूळ आणि सुटे कागद उडतात तेव्हा ताशी २०-२८ किमी. लहान झाडं डोलतात तेव्हा २९-३८. तारा शिट्टी घालू लागल्या, छत्री धरवेना, की ३९च्या पुढे. सामन्याआधी दोन्ही डींत आणि मध्यावर अशा तीन ठिकाणी मूठभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा. एका बाजूला शाळेची इमारत किंवा काजूची रांग असेल तर तिथे वारा उलटा फिरतो, ते तीन मुठींत कळतं.

खाजण

तिसरा प्रश्न. आधी आकडे बघा म्हणजे उंच किकचा मोह सुटेल. हवेचा अडथळा बॉल आणि वारा यांच्या एकत्रित वेगाच्या वर्गानुसार वाढतो. बॉल ताशी ७२ किमी, समोरून वारा २९ किमी, म्हणजे बॉलला १०१ चा वारा लागतो. अडथळा जवळजवळ दुप्पट. तोच वारा पाठीशी असेल तर उरतात ४३, अडथळा तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. म्हणजे एकाच पायाची, एकाच ताकदीची किक दोन टोकांना दोन वेगळ्या खेळांतली वाटते. बाजूला सरकण्याचंही तसंच. हवेतला वेळ दुप्पट झाला की सरकणं जवळपास चौपट.

त्यात गोली बॉलच्या खाली पाय घालून उचलतो, बॉल मागच्या मागे फिरत वर चढतो आणि वारा त्याला तिथेच टांगतो. तुमच्या ८ किक तशाच गेल्या असणार.

करायचं काय: पहिला पर्याय आखूड. गोलकिकला आता आपले खेळाडू डीच्या आत उभे राहू शकतात, समोरच्यांना बॉल हलेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. दोन स्टॉपर (मधले बॅक) गोलसमोरच्या छोट्या बॉक्सच्या दोन कोपऱ्यांच्या जरा बाहेर, दोन्ही साइडबॅक (कडेचे बॅक) रेषेला चिकटून, एक हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) डीच्या टोकाशी पाठमोरा. गोली ते स्टॉपर, स्टॉपर ते साइडबॅक, सगळं जमिनीवरून. लाल मातीवर बॉल उसळतो, म्हणून पास जरा कडक आणि पायातच द्यायचा, पुढच्या मोकळ्या जागेत नाही.

समोरच्यांचे तीन-चार जण डीच्या तोंडावर येऊन बसले की लांब मारावीच लागते. तेव्हा मारायची गुडघा बॉलच्या वर ठेवून, बुटाच्या लेसवर, बॉलच्या मध्यावर, पाय अर्धवट थांबवून. उंची तीन मीटरच्या आत. आणि कधीही मैदानाच्या मधोमध नाही. तुमच्या बाबतीत वायव्येचा वारा, म्हणजे बॉल पूर्वेला सरकतो. पूर्वेच्या रेषेकडे मारलेली किक फसली तरी बाहेर जाते, थ्रो होतो, आणि तोवर तुमची रांग लागते. मधोमध फसलेली किक थेट २५ मीटरवरच्या शॉटला आमंत्रण. मधल्या फळीतल्या दोन्ही हाफना किक जिथे पडेल असं वाटतं त्याच्या ८-१० मीटर अलीकडे उभं करा. हौशी संघात सगळे नेहमीच्या जागी उभे राहतात आणि बॉल त्यांच्या पुढ्यात पडून समोरच्याच्या पायाशी उसळतो.

गोलीचा पाय कमकुवत असेल तर स्टॉपरला मारू दे, पण मारून झाल्यावर तो जागेवर परतेपर्यंत साइडबॅकने आत सरकायचं.

लेफ्टबॅक_३

माझं मत थोडं वेगळं. सगळे दुसऱ्या हाफबद्दल बोलताहेत, पण पहिल्या हाफमध्ये वारा हलका का होईना, पाठीशी होता आणि गोल एकच. पाठीशी वारा असताना बॅकच्या डोक्यावरून टाकलेला प्रत्येक बॉल पळत गोलीकडे किंवा बाहेर जातो. शूटिंगमध्ये समोरच्यांच्या गोलकिक मोजा, त्यातल्या निम्म्या तुमच्याच पासनी दिलेल्या निघतील. पाठीशी वारा असताना मागून पास पायातच द्यायचा, २० ते २५ मीटरवरून खाली ठेवून शॉट मारायचा, आणि प्रत्येक शॉटमागे एकाने सुटलेल्या बॉलसाठी धावायचं. समोरच्यांची गोलकिक असली की सगळी फळी दहा मीटर पुढे.

आणखी एक, गोलकिकवरून थेट मिळालेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. जोरदार वारा पाठीशी असेल तर चपळ फॉरवर्डला त्यांच्या शेवटच्या बॅकच्या पलीकडे उभा करा. पहिल्या दोन किकांत त्यांची पूर्ण बचावफळी मागे ओढली जाते आणि मध्ये जागा मोकळी होते. हौशी सामन्यात लाइन्समन गोंधळून झेंडा वर करतो, म्हणून कॅप्टनने सामन्याआधीच रेफ्रीच्या कानावर घालावं.

किनारपट्टी_११

मोजलं. पहिल्या हाफमध्ये त्यांच्या १४ गोलकिक, त्यातल्या ८ आमच्या लांब गेलेल्या पासवर. घ्या.

शेवटचा गोल: कॉर्नर पश्चिमेच्या कोपऱ्यातून. गोली जवळच्या खांबाकडे दोन पावलं पुढे आला, बॉल त्याच्या डोक्यावरून लांबच्या खांबाशी, तिथे त्यांचा एकटा मोकळा.

शिट्टी

हे वाऱ्याच्या दिशेवरून आधीच सांगता येतं. तुम्ही दक्षिणेचा गोल राखत होता. वायव्येचा वारा बॉलला दोन्हीकडे ढकलतो, गोलरेषेकडे आणि पूर्वेकडे. म्हणून पश्चिमेचा कॉर्नर नेहमीपेक्षा लांब जातो, लांबच्या खांबापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. पूर्वेचा कॉर्नर मात्र वाऱ्यात अडकून जवळच्या खांबाशीच पडतो. दोन कॉर्नर, दोन वेगळ्या मांडण्या. पश्चिमेच्या वेळी गोली गोलच्या मध्याच्या जरा मागे, लांबच्या खांबाकडे झुकून. राइटबॅक त्या खांबाला हात लावून उभा, त्याच्यापुढे चार मीटरवर सर्वांत उंच स्टॉपर. पूर्वेच्या वेळी तोच स्टॉपर जवळच्या खांबापुढे. गोलीने पहिला सेकंद जागचं हलायचं नाही, कारण बॉल अर्ध्या वाटेवर वळतो. आणि पकडायला जायचं नाही, दोन्ही मुठींनी बाहेर.

वेळ काढण्याबद्दल सावध. २०२५-२६ च्या नियमांनुसार गोलीने बॉल हातात ८ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजतो. अशा वाऱ्यात कॉर्नर म्हणजे अर्धा गोलच. तुमच्या स्पर्धेत नवा नियम लागू आहे की जुना सहा सेकंदांचा, ते सामन्याआधी विचारून घ्या.

खाजण

चौथ्यात भर. १-१ ला रचना बदला: एक फॉरवर्ड काढून मध्यात पाचवा. पण बदली ६५व्या मिनिटाला करून उपयोग नाही, ५५व्यालाच करा. वाऱ्याविरुद्ध पहिले दमतात ते हाफ, कारण सगळे सुटे बॉल त्यांच्याच वाट्याला येतात. उरलेला एकटा फॉरवर्ड उंच नको, पाठीवर माणूस घेऊन बॉल धरणारा हवा. उंच माणसाला बॉल पोहोचतच नाही.

लेफ्टबॅक_३

पाचवा मध्यात घालून बॉल मागेच अडकतो. त्यापेक्षा पश्चिमेच्या बाजूला चिकटून खेळा. वारा बॉल आत ढकलतो, त्यामुळे तिथे पास रेषेबाहेर जात नाहीत. यावर खाजण यांच्याशी मतभेद राहू दे.

सरावासाठी: ४० बाय ३० मीटर, सहा विरुद्ध सहा, सहा-सहा मिनिटांचे चार डाव, बॉल गुडघ्याच्या वर गेला की समोरच्यांना. दुपारी तीनला घ्या, संध्याकाळी सहाला नको. बॉलमध्ये हवा सामन्याइतकीच भरा. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते, पण सरावाला मऊ आणि सामन्याला टणक असा फरक पडला की लाल मातीवर पहिला टप्पाच चुकतो.

किनारपट्टी_११

पुढचा सामना शनिवारी, साडेचारला, पूर्व-पश्चिम मैदान. उजवा_हाफ, टॉस जिंकला तर?

उजवा_हाफ

साडेचारला वारा पश्चिमेकडून असेल आणि सूर्यास्तापर्यंत उतरत जाईल. म्हणून वारा पहिल्या हाफमध्येच घ्या, चढाई पूर्वेकडे. फक्त त्याची किंमत अशी की दुसऱ्या हाफमध्ये सव्वापाचनंतर तुमचा गोली पूर्वेच्या गोलमध्ये, तोंड पश्चिमेला, आणि ऊन सरळ डोळ्यांत. गोलीला टोपी घालायला नियमात परवानगी आहे. नाडीची टोपी द्या, साधी वाऱ्याने उडेल.