अनुभव धागा : घराच्या भिंतींना ‘मधला’ रंग दिलाय? तो कसा वागला ते लिहा

गेल्या दिवाळीआधी आम्ही घर रंगवायला काढलं. नाशिकला गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. बारा वर्षं सगळीकडे मोतिया होता. सोफ्याच्या मागे डोक्याच्या तेलाचा पट्टा, दाराजवळ मुलांचे हात. या वेळी ठरवून राखाडी आणि बदामी यांच्या मधला, ना फिका ना गडद असा रंग घेतला. शेड कार्डावर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. डबा उघडल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर नागलीच्या कच्च्या पापडाचा रंग!” घरात तेच नाव पडलं.

रंगारी म्हणाला होता, “घ्या ताई, मळखाऊ आहे.” तो मळखाऊ आहेच. पण सहा महिन्यांत मला कळलं ते वेगळंच. हा रंग एका जागी थांबत नाही. सकाळी सातला हॉलची भिंत जवळजवळ राखाडी असते, दुपारी समोरच्या गच्चीवरून ऊन परतून आत येतं तेव्हा वाळूसारखी, आणि संध्याकाळी पिवळे दिवे लावले की दुधाच्या चहासारखी. पांढरी भिंतही बदलते, पण तिचं बदलणं नजरेत भरत नाही. मधल्या रंगात ते उघड दिसतं. त्यामुळे दुकानात पसंत केलेला नागली घरात नागलीच राहील याची खात्री नसते.

शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो, भिंत किती उजेड परत टाकते त्याचा. काळ्याला 0, पांढऱ्याला 100. आमचा 50 च्या आसपास आहे. तो मला दुकानात कोणी सांगितला नाही, मीच शोधला. रंग घेण्याआधी सगळ्यांनी बघावा असं मनापासून वाटतं.

नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा. खिडकी कुठल्या दिशेला, फरशी कसली, दिवे कुठले हे जरूर सांगा. नुसत्या शेड नंबरावरून दुसऱ्याला काही कळत नाही.

इंदिरानगर

आमची बेडरूम उत्तरेला. रंगाऱ्याने दुसरा हात मारून संपवला, रात्री दिवे लावले आणि भिंती चक्क जांभळ्या! बायको रडायच्या बेताला आली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात भांडायला गेलो. तिथल्या मुलाने शांतपणे डब्यातला रंग पुठ्ठ्यावर ओढला, ड्रायरने वाळवला आणि शेड कार्डाशेजारी धरला. तंतोतंत तोच.

दोष दिव्यांचा होता. आमचे एलईडी 6500 केल्विनचे, निळसर पांढरे. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आकाशाचा उजेड, तोही निळसर. राखाडीत जो किंचित गुलाबी अंश होता, तो त्या निळ्याखाली जांभळा दिसत होता. 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे चार दिवे आणून लावले आणि भिंत ताळ्यावर आली. पुन्हा रंग द्यायचा खर्च वाचला.

अजून एक. मेअखेरीपासून जुलैपर्यंत दुपारचा सूर्य नाशिकच्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळी अर्धा-पाऊण तास आमच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं आणि त्या पट्ट्यात हीच भिंत सुक्या जर्दाळूसारखी दिसते. तेवढे दिवस मी चहा तिथेच घेतो.

पंचवटी

वाड्याच्या वाटणीत आलेल्या दोन खोल्या. सागाचे खांब, शहाबादी फरशी, विटामातीच्या जाड भिंती. काळारामाच्या काळ्या दगडाकडे रोज बघत मोठा झालो, त्यामुळे पांढऱ्याची ओढ मला तशी कमीच.

चार वर्षांपूर्वी हौसेने राखाडी इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग) दिला. पहिल्याच पावसाळ्यात जमिनीपासून दोन फुटांवर फुगे आले. फुगा फोडला की आत पांढरा खार. आमच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. चुन्यातून ती बाहेर पडून जायची, इमल्शनच्या पापुद्र्यामागे कोंडली. तेव्हा जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना हात जोडून सांगतो, शेड नंतर निवडा, आधी ओल बघा.

सगळं खरवडून पुन्हा चुन्यावर आलो, पण पांढऱ्या चुन्यावर नाही. भिजवून गाळलेल्या चुन्यात पिवडी (पिवळी माती), चिमूट गेरू आणि रंगाची काळी पूड घातली. ओला चुना भिंतीवर चिखलासारखा दिसतो. मुलगी म्हणाली, “बाबा, हे काय करून ठेवलंत!” दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत गोदाकाठच्या कोरड्या वाळूची झाली होती. चुना बादलीत दिसतो त्याच्या कितीतरी फिका वाळतो, म्हणून आधी विटांच्या तुकड्यांवर लावून बघायचा. आम्ही अकरा तुकडे केले होते. ते अजून माडीवर ओळीने मांडलेले आहेत, प्रत्येकाच्या मागे किती चमचे पिवडी ते लिहिलेलं.

आणि खांब! पांढऱ्या भिंतीपुढे ते काळे ठिक्कर दिसायचे. आता सागाचा तांबूसपणा दिसतो, रेषा दिसतात. खांब तेच, तेलपाणीही तेच.

पाथर्डी फाटा

मी उलटा अनुभव लिहिते. आमचा तळमजला, समोर पार्किंग, हॉलला एकच खिडकी. सगळ्यांची घरं बघून असाच रंग दिला आणि भर दुपारी दिवे लावून बसायची वेळ आली. उजेड आत येतच नसेल तर हा रंग बिचारा काय करणार? वर्षभर सोसलं आणि हॉल पुन्हा मोतिया केला. बेडरूमला मात्र तोच ठेवलाय, रात्री तिथे फार शांत वाटतं.

सातपूर, रंगकाम करणारा

वीस वर्षं हेच काम करतो म्हणून थोडं लिहितो. पांढऱ्यात लपतं ते मधल्या रंगात लपत नाही. लांबी (पुट्टी) नीट घासली नसेल तर दिव्याच्या तिरप्या उजेडात प्रत्येक खळगा दिसतो. मोठ्या भिंतीला दोन माणसं लावा. एकाने कडा ब्रशने ओढायच्या, दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवायचा. कड वाळू दिली की जोड दिसतो, आणि मॅटमध्ये, म्हणजे बिनचमकीच्या रंगात, तो शेवटपर्यंत दिसतो.

डबे दोन-तीन लागणार असतील तर एकाच वेळी मशिनवर काढून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दोन डब्यांत डोळ्याला न कळणारा फरकही भिंतीच्या मध्यावर कळतो. इमल्शन ओला असताना फिका दिसतो, वाळला की गडद बसतो, म्हणजे वर पंचवटीच्या दादांनी लिहिलेल्या चुन्याच्या अगदी उलट. पहिल्या हातावरून घाबरून काम थांबवू नका.

उरलेला रंग काचेच्या बरणीत भरून झाकणावर शेड नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पुढे खिळ्याचं भोक बुजवाल तेव्हा आठवण काढाल.

सिडको

खोली दहा बाय दहा. लहान वाटेल म्हणून सगळ्यांनी भीती घातली होती. आम्ही दार, चौकट, भिंती सगळं एकाच रंगात घेतलं आणि छताला त्यातच निम्मा पांढरा मिसळून दिला. कोपरे बोचत नाहीत, खोली मोकळी वाटते.

नाशिकरोड

आमच्याकडे हा रंग आईच्या डोळ्यांसाठी आला. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पश्चिमेचं ऊन पांढऱ्या भिंतीवर पडलं की ती पदर डोळ्यांवर ओढायची. दुपारभर पडदे लावून अंधारात बसणं मला बघवेना, म्हणून खोलीला मधला राखाडी-बदामी दिला. तिचं तिरीप लागणं कमी झालं, पडदे उघडले.

पुढे तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती पलंगावर बसून एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीकडे बघत होती. म्हणाली, “या डोळ्याला राखाडी दिसतेय रे, आणि या डोळ्याला चहासारखी.” डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे. मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडतं, त्यातून सगळं पिवळसर दिसतं, नवं भिंग स्वच्छ असतं. म्हणजे कित्येक वर्षं ती आमच्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या घरात राहत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

रंगाऱ्याने स्विचबोर्डही भिंतीच्या रंगाचे करू का असं विचारलं होतं. मी नको म्हटलं, पांढरेच राहू दिले. पूर्वी पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण शोधायला ती रात्री भिंत चाचपडत जायची. आता बाहेरच्या पॅसेजचा उजेड तेवढा आत आला तरी तिला बोर्डाचा चौकोन दिसतो, आणि ती मला हाक न मारता दिवा लावते.