मदत हवी आहे: एफआरपी (फायबरच्या) पाइपचा सांधा बेंडजवळ (वळणाजवळ) तिसऱ्यांदा सुटला

नदीकाठचा_पाटील: मंडळी, लवकर सांगा. पलूसकडं आमची बारा जणांची उपसा योजना आहे. मोटर चालू केली की दहा मिनिटांत बेंडजवळचं कपलिंग (दोन पाइप जोडणारी बाही) सुटतं, रबर रिंग बाहेर लोंबते आणि शेजाऱ्याच्या खोडव्यात तळं. ठेकेदार म्हणतो रिंग बदला. दोनदा बदलली. चांगली रिंग सांगलीत कुठं मिळेल?

वाळव्याचा: व्यास किती? बेंड किती अंशाचा? गेजला किती दाखवतंय? काहीच न सांगता रिंग कसली मागताय?

ऊसवाला: मला वाटलं उसाच्या एफआरपीचा, म्हणजे दराचा, धागा. पहिली उचल कधी मिळणार, कुणाला माहीत आहे का?

बागायतदार: काढून टाका ते फायबर. माझी लाइन लोखंडी. वेल्डिंग मारलं की बेंड जागचा हलत नाही.

जुना_ओव्हरसियर: लोखंडाचा वेल्डिंगचा सांधा ओढ स्वतः घेतो, म्हणून हलत नाही. काळ्या रानात गंज किती खातो तेही सांगा की. फायबरचं कपलिंग फक्त पाणी अडवतं, ओढ धरत नाही. दोष रिंगचा नाही. पाटील, थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे बेंडचा रेटा झेलणारा काँक्रीटचा ठोकळा, केलाय का?

नदीकाठचा_पाटील: केलाय की. दोन बाय दोन फूट. पाइप ४५० मिमी, बेंड ४५ अंश, गेजला दाब चौरस सेंटीमीटरला ६ किलो.

जुना_ओव्हरसियर: मग हिशेब बघा. ४५० मिमीच्या तोंडावर ६ किलोला साडेनऊ टन रेटा, त्यातला सव्वासात टन बेंडला बाहेर ढकलतो. दीडपट दाबानं टेस्ट केली की ११ टन. ओल्या काळ्या मातीला चौरस मीटरला ५ टन धरले, तर ब्लॉकची मागची बाजू सव्वादोन चौरस मीटर हवी, म्हणजे पाच बाय पाच फूट. तुमचा ब्लॉक जेवायच्या पाटाएवढा. आणि लाइट गेल्यावर पाणी उलटं आपटतं ते वेगळंच.

वाळव्याचा: ब्लॉकच्या मागं माती कुठली आहे?

नदीकाठचा_पाटील: जेसीबीनं उकरलेलीच परत लोटली.

वाळव्याचा: तिथंच घोटाळा. ब्लॉक न उकरलेल्या मातीला टेकला पाहिजे. भुसभुशीत मातीवर पाच बाय पाचचाही सरकेल.

बागायतदार: म्हणून म्हणतो, लोखंडी टाका.

कृष्णाकाठ: माझं ऐका, पुराचं बघा. २०१९ ला आमची रिकामी लाइन वर आली होती. ४५० मिमीच्या पाइपला पाणी मीटरला दीडशे किलोच्या वर उचलतं, पाइपचं वजन त्यापुढं काहीच नाही. वर माती दाबून भरा.

जुना_ओव्हरसियर: पूर बेंडचा सांधा सोडत नाही हो! पाटील, बेंड पूर्ण काँक्रीटमध्ये घ्या, नुसता मागं टेकू नको. पाइप काँक्रीटमधून बाहेर पडतो तिथं रबराची पट्टी गुंडाळा, त्याला लागून एक आखूड तुकडा आणि कपलिंग. ब्लॉक थोडा बसला तरी तो तुकडा झेलतो, नाहीतर पाइप कडेला चिरतो. भरताना पाइपखाली मऊ मुरूम, काळी माती नको.

नदीकाठचा_पाटील: ठेकेदाराला हे दाखवलं. म्हणतो सिमेंटचे पैसे वेगळे.

वाळव्याचा: ब्लॉकचं मोजमाप कुणी दिलं होतं, त्यानंच ना?

नदीकाठचा_पाटील: नाही, आम्हीच. सिमेंट वाचवायला.

ऊसवाला: उचलीचं कुणी सांगितलं नाही अजून.