चर्चा धागा: श्राव्य कार्यक्रमात रहस्य राखून ठेवणे हा श्रोत्याचा सन्मान की फसवणूक?

टिळकवाडीकर (बेळगाव), धागाकर्ता

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी तरुण आता मोबाइलवर स्वतःचे पॉडकास्ट काढू लागले आहेत आणि त्यांचे विषय खरोखरच चांगले असतात, पण त्यांतील बहुतेक भाग पाच मिनिटांपुढे ऐकवत नाहीत, हे मला स्पष्टपणे मांडायचे आहे. सुरुवात ठरलेली असते: नमस्कार, आजच्या भागात आपण अमुक व्यक्तीचा जन्म, शिक्षण आणि कार्य यांची माहिती घेणार आहोत. पुढे काय येणार हे इतके आधी कळल्यावर श्रोत्याने थांबावे कशासाठी?

माझे मत असे की कथनातील आश्चर्य ही श्राव्य माध्यमात सजावटीची बाब नसून गरज आहे. वाचणाऱ्याची नजर पुढे धावू शकते, मागे येऊ शकते, एखादा परिच्छेद गाळू शकते. ऐकणाऱ्याला मात्र एकामागून एक येणारा शब्द निवेदकाच्या गतीनेच घ्यावा लागतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या स्त्रिया काम करताना मोबाइल भिंतीला टेकवून ठेवतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि जर्दा, एका हातात पान, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तंबाखू, मग वळणे, दुमडणे आणि दोरा गुंडाळणे, असे दोन्ही हात सतत गुंतलेले असतात. अशी श्रोती बटण दाबून मागचे वाक्य पुन्हा ऐकणार नाही, त्यामुळे एकदा निसटलेले लक्ष परत आणायचे काम निवेदकालाच करावे लागते. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलाची जी मीमांसा मांडली, तिचे सार असे की आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यायचे आहे यांतील अंतर जाणवू लागले की कुतूहल जागे होते. आपले निवेदक हे अंतर श्रोत्याला जाणवण्याआधीच मिटवून टाकतात.

एक उदाहरण देतो. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन ठरले, हे इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. या विषयावरचा भाग तिथून सुरू करू नये. तो असा सुरू व्हावा: अधिवेशनात स्वागतगीत गाण्यासाठी धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी आली आहे आणि गांधीजींसमोर गायचे याची तिला मुळीच भीती वाटत नाही, जेवणे झाल्यावर आपल्याला उष्ट्या पत्रावळी तर उचलायला लावणार नाहीत ना, या विचाराने ती घाबरली आहे. नाव सांगायचे नाही. मंडप, गर्दी, पाण्यासाठी मुद्दाम खोदलेली आणि आजही असलेली काँग्रेस विहीर, हे सर्व येऊ द्यावे, आणि शेवटच्या मिनिटाला सांगावे की ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे. नाव शेवटी ठेवण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

घटप्रभाकाठ (गोकाक)

टिळकवाडीकरांच्या मूळ तक्रारीशी सहमत आहे, उपायाशी नाही. आपल्या भागात धारवाडची मुलगी, गाणे आणि १९२४ हे तीन शब्द उच्चारले की गाण्याची थोडी ओळख असलेला कोणीही माणूस दुसऱ्याच मिनिटाला नाव ओळखेल. त्यानंतरची दहा मिनिटे तो कथा ऐकत नसतो, निवेदक कधी एकदा नाव सांगतो याची वाट पाहत बसलेला असतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. या प्रसंगात थक्क करणारी गोष्ट कोणती? नाव नव्हे. देशाच्या स्वातंत्र्याची भाषा जिथे चालली होती त्याच मांडवात एका गुणी मुलीला जातीमुळे उष्टी काढावी लागण्याची धास्ती होती, ही खरी थक्क करणारी गोष्ट आहे. आपण तीच पहिल्या वाक्यात आमिष म्हणून खर्च केली आणि तिच्या मानाने फिकी असलेली गोष्ट राखून ठेवली. मी क्रम उलटा करीन. आधी नाव सांगावे, तो भारदस्त आवाज, किराणा घराण्याची ती शिस्त, २००२ साली मिळालेले पद्मविभूषण, हे सर्व श्रोत्याच्या मनात उभे करावे आणि मग त्याला १९२४ मध्ये नेऊन त्या पत्रावळींपाशी उभे करावे. ज्यांच्यापुढे पुढे सारे संगीतविश्व नतमस्तक झाले, त्यांच्या मनात ही भीती होती, हे कळणे अनोळखी मुलीची ओळख पटण्यापेक्षा कितीतरी खोलवर जाते.

शेतीविस्तार (चिकोडी)

मी शेतीविस्ताराच्या कामातून निवृत्त झालो आहे. लक्ष वेधण्याची ही सगळी चिंता शहरी मनोरंजनातून आलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, १५० गावांत रेडिओ ग्रामीण मंचाचा प्रयोग केला. त्या वेळी बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता, पण या प्रयोगात त्याचा समावेश नव्हता. गावातील निवडक माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जात. अभ्यासकांनी मंच असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, तेव्हा मंच असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत झालेली वाढ स्पष्ट दिसून आली. तिथे श्रोत्यापासून काही लपवून ठेवलेले नव्हते. आपल्या प्रश्नाला उत्तर मिळते हा विश्वास माणसाला रेडिओपाशी आणत होता.

ऐकून ज्याला काही करायचे आहे, त्याच्यापासून मुद्दा लपवणे अन्यायाचे आहे. औषधाचे प्रमाण किती, अर्जाची शेवटची तारीख कोणती, लस कोठे मिळेल, हे आधी सांगावे, मध्ये सांगावे आणि शेवटी पुन्हा सांगावे. मध्येच बस आली म्हणून कार्यक्रम अर्धवट सोडणाऱ्यालाही ते मिळाले पाहिजे.

सांबरेकर (बेळगाव तालुका)

वरील प्रतिसादातील काळजी योग्य आहे, पण टिळकवाडीकर औषधाच्या प्रमाणाविषयी बोलतच नाहीत. सूचना आणि कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शहापूरची वाचक (बेळगाव)

मी लहानपणापासून नारदीय कीर्तने ऐकत आले आहे आणि या चर्चेत कीर्तनाचा कोणीच उल्लेख केला नाही याचे मला नवल वाटते. श्रोत्याला तासन्‌तास बसवून ठेवण्याचे शास्त्र आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. बुवा पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, मध्ये नामस्मरण होते, बुक्का लावला जातो आणि मग उत्तररंगात आख्यान लागते. ते आख्यान नवे असते का? हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे समोर बसलेल्या आजीला तिच्या आजीपासून ठाऊक असते.

तरीही रोहिदासाचे प्रेत घेऊन तारामती स्मशानात येते आणि डोंबाच्या घरी राबणारा हरिश्चंद्र तिच्याकडे स्मशानाचे शुल्क मागतो, तिथे सारे देऊळ स्तब्ध होते. कीर्तनकार नेमके तिथे थांबतात, एखादे पद घेतात, तबला-पेटी भरून येते, आणि तेवढा वेळ ती दोघे समोरासमोर उभीच असतात, एकमेकांना न ओळखता. उत्कंठा तिथे श्रोत्याच्या अज्ञानातून येत नाही. श्रोत्याला जे ठाऊक आहे ते पात्रांना ठाऊक नाही, त्यातून ती येते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हाच भेद सांगत असत: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले नाही तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, आधी सांगितले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते.

म्हणून टिळकवाडीकरांना माझे सांगणे असे की लपवण्याचा एवढा आग्रह धरू नये. धक्का एकदाच बसतो. तोच भाग दुसऱ्यांदा ऐकण्यासारखा राहतो का, ही खरी कसोटी मी मानते. आणि चिकोडीच्या सरांना आदरपूर्वक सांगते की पूर्वरंगातील उपदेश लोकांच्या लक्षात राहतो तो उत्तररंगातील आख्यानामुळे. कोरडे निरूपण ऐकून उठून गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ध्वनिसंपादक (निपाणी)

मी टिळकवाडीकरांच्या बाजूचा आहे, किंबहुना त्यांच्याही पुढे जाईन. कीर्तनाचा श्रोता देवळात येऊन बसलेला असतो, बुवांना नमस्कार करून बसलेला असतो; तो सहसा उठून जात नाही. मोबाइलवरचा श्रोता एका बोटाने निघून जातो. आम्ही १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर मालिका करण्याचा विचार करीत आहोत. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावरच मुक्काम ठोकला आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. माझ्या मते पहिला भाग गोळीच्या आवाजानेच सुरू झाला पाहिजे. कोणतीही पूर्वसूचना नको. आवाज, मग शांतता, मग निवेदक. विशीतल्या मुलाने कानातले यंत्र काढायचा विचारही करू नये, इतका तो क्षण तीव्र असावा.

शहापूरची वाचक (बेळगाव)

याला माझा तीव्र विरोध आहे. ज्या घरांतील माणसे तेव्हा गेली, ती घरे याच परिसरात आहेत. आपला श्रोता कोण असेल हे आपल्याला माहीत नसते. सुपाशी बसलेली एखादी वृद्धा त्या माणसांपैकी कोणाची तरी बहीणही असू शकेल. तिला पूर्वसूचना न देता तो आवाज ऐकवणे याला मी कथनतंत्र म्हणणार नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, नको ते दृश्य दिसले की मिटता येतात. कानांना तशी सोय नाही.

ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत मंगळवासीयांच्या आक्रमणाचे नभोनाट्य बातमीपत्राच्या धाटणीत सादर केले, तेव्हा काही श्रोत्यांना ते खरेच वाटले. वर्तमानपत्रांनी त्या घबराटीचे वर्णन फुगवून केले असे आता अभ्यासक मानतात, परंतु ती केवळ कल्पित कथा होती आणि तरीही वेल्स यांना दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे खेद व्यक्त करावा लागला. आपण तर खऱ्या मृत्यूंविषयी बोलत आहोत.

ध्वनिसंपादक (निपाणी)

ताई, आक्षेप समजला. पण मग त्या दिवसाची तीव्रता पोहोचवायची कशी? केवळ भावाच्या आकड्यांनी ती पोहोचणार नाही.

घटप्रभाकाठ (गोकाक)

गोळीबार होणार हे पहिल्याच वाक्यात शांतपणे सांगून टाकावे. त्यानंतर महामार्गावरचे दिवस एकेक करून सांगावेत: मुक्काम कसा पडला, भाकऱ्या कोठून येत होत्या, वाहतूक अडली तेव्हा वाटाघाटी कशा चालल्या. शेवट कसा होणार आहे हे श्रोत्याला ठाऊक असल्यामुळे साध्या संध्याकाळीही तो अस्वस्थ राहील. शहापूरच्या ताईंनी सांगितलेले हरिश्चंद्राचे स्मशान ते हेच. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत अशी माणसे निपाणीत आजही भेटतील; त्यांचा बोलता बोलता थांबलेला आवाज जसाच्या तसा ठेवावा, मधली शांतता संपादनात कापू नये. कोणत्याही ध्वनिफितीतून उसना घेतलेला गोळीचा आवाज त्याची बरोबरी करणार नाही.

शेतीविस्तार (चिकोडी)

हे मला पटते. मात्र तंबाखूची प्रतवारी कशी होत असे, व्यापारी भाव कसा पाडत आणि वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याच्या हाती काय उरत असे, हा भाग कंटाळवाणा म्हणून गाळू नये. लोक रस्त्यावर का बसले हे कळले नाही, तर मालिकेत फक्त हळहळ उरेल.

टिळकवाडीकर (बेळगाव)

सर्वांचे आभार. गोळीच्या आवाजाविषयी मी शहापूरच्या ताईंच्या बाजूने आहे. माझ्या मूळ मांडणीत अशा धक्क्याचा पुरस्कार नव्हता. सूचनावजा कार्यक्रमांविषयी चिकोडीच्या सरांशीही माझा वाद नाही.

पण नाव राखून ठेवण्याचा आग्रह मी सोडणार नाही. गोकाकचे मित्र गृहीत धरतात तो श्रोता गाणे ऐकणारा, चाळिशीपुढचा आहे. आज विशीच्या आत असलेल्या मुलाला पहिल्याच वाक्यात गंगूबाई हनगल हे नाव सांगितले, तर त्याच्या दृष्टीने ते पाठ्यपुस्तकातील आणखी एक नाव ठरते आणि पद्मविभूषणाने तर तो अधिकच दूर जातो. त्याला आधी ती मुलगी भेटली पाहिजे. स्वतः अकरा वर्षांचा असताना आपल्याला कशाची भीती वाटत होती हे त्याला अजून आठवत असते. कीर्तनाचा दाखलाही इथे पुरता लागू होत नाही, कारण हरिश्चंद्र त्या आजीला लहानपणीच भेटलेला असतो. या मुलाला त्या मुलीची गोष्ट अजून कोणीच सांगितलेली नाही.

घटप्रभाकाठ (गोकाक)

मग दोन्ही श्रोत्यांना धरून ठेवणारा एक मार्ग सुचवतो, आणि तो केवळ श्राव्य माध्यमातच शक्य आहे. नाव आधीही सांगू नये आणि लपवल्यासारखेही करू नये. भागाची सुरुवात त्यांच्या प्रौढ वयातील गाण्याने करावी, अर्धा मिनिट, निवेदनाशिवाय. ज्याला आवाज ओळखता येतो त्याला सर्व कळले, आता तो पत्रावळींपाशी पोहोचण्याची वाट पाहील. ज्याला ओळखता येत नाही, त्याला इतका जड, खर्जातला आवाज कोणाचा असा प्रश्न पडेल, आणि पुढच्याच वाक्यात अकरा वर्षांची मुलगी आली की तो अधिकच चक्रावेल. नाव मग शेवटी आले तरी माझी हरकत नाही.

अडचण एकच आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. ती मिळाली नाही, तर माझा पहिला आग्रह कायम राहील.