बाख केबलींवर वाजवावा का? मॉड्युलर सिंथ आणि जुनं पाश्चात्य संगीत

पॅचकेबल
परवा अठराव्या शतकातल्या जर्मन रचनाकार बाखवर गप्पा चालल्या होत्या. एकांनी मला ठणकावून सांगितलं, "बाख सिंथेसायझरवर वाजवणं म्हणजे विटंबना." ते डोक्यातून जाईना म्हणून इथे मांडतोय. माझं मत अगदी उलट आहे. बाख आतून समजून घ्यायला मॉड्युलर सिंथइतका (सुटे भाग केबलींनी जोडून स्वर घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) कडक गुरू दुसरा नाही.

१९६८ साली वेंडी कार्लोस यांनी मूगच्या मॉड्युलर सिंथवर 'स्विच्ड-ऑन बाख' ही रेकॉर्ड केली. ते यंत्र एका वेळी एकच स्वर काढायचं. रचनेतला प्रत्येक आवाज, म्हणजे एकेक स्वतंत्र सुरावट, वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक चढवायची. वर ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारे भाग) सारखे सुरातून सरकणार, म्हणजे थोडं वाजवा, सूर तपासा, पुन्हा वाजवा. या कामाला पुढे तीन ग्रॅमी मिळाली.

मी घरी बाखचं चौथं इन्व्हेन्शन (डी मायनरमधली दोन आवाजांची छोटी रचना) करून पाहिलं. मध्ये उजव्या हाताला एक लांबच लांब ट्रिल आहे, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून. बोटं जोडून वाजवली तर एनव्हलप (स्वराचा चढउतार ठरवणारा भाग) नव्याने सुरूच होत नाही, ट्रिलचा लगदा होतो. प्रत्येक स्वराला ट्रिगर (नव्याने सुरू हो असा इशारा) दिला तर शिलाई मशीन. शेवटी रिलीज (स्वर विरण्याचा वेळ) आखूड केला, फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग) किंचित उशिरा उघडू दिला, तेव्हा कुठे स्वर सुटे झाले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पण खालचा आवाज एकटा रेकॉर्ड करताना कळलं, की पियानोवर इतकी वर्षं डाव्या हाताला मी नुसती साथ समजत होतो. तो तर बरोबरीने बोलतोय!

मंद्रसप्तक
मेहनतीबद्दल आदर आहे, निष्कर्ष पटत नाही. मी मडगावला चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) वाजवते. बाखचाच तिसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाची रचना) घ्या: तीन व्हायोलिन, तीन व्हियोला, तीन चेलो. एक वाक्य या हातातून त्या हातात जातं. पलीकडच्या व्हायोलिनने शेवटचा स्वर केसभर रेंगाळवला की माझा गज आपोआप थांबतो. ट्रॅकवर ट्रॅक चढवताना पहिला ट्रॅक बहिरा असतो. पुढचे सगळे त्याचं ऐकतात, तो कुणाचंच ऐकत नाही.

आणि गजाचं काय? त्या काळचा गज बाहेरच्या बाजूला वाकलेला, टोकाला हलका. स्वर आपसूक विरत जातो आणि पुढच्याला जागा देतो. ऑस्ट्रियन संगीतकार हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला तो हीच बोली परत मिळवायला. तुमच्याकडे ते एका नॉबवर ठरतं.

पॅचकेबल
पण खुद्द बाखने इटालियन रचनाकार विवाल्दीचा चार व्हायोलिनचा कॉन्चेर्टो चार हार्पसिकॉर्डवर (पट्ट्या दाबल्या की तार छेडणारं, पियानोच्या आधीचं वाद्य) नेला. हार्पसिकॉर्डवर गज कुठे आहे? त्याच्याच 'आर्ट ऑफ फ्यूग'मध्ये तर वाद्याचं नावच लिहिलेलं नाही.

मंद्रसप्तक
चार हार्पसिकॉर्ड म्हणजे एका खोलीत बसलेली चार माणसं, हे विसरू नका. आणि सगळे रचनाकार बाखसारखे वाद्याबाबत मोकळे नव्हते. इटालियन रचनाकार मॉन्टेव्हेर्दीच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात (१६०७) वाद्यं नावानिशी सांगितली आहेत. पाताळाचा नावाडी कॅरोन गातो तेव्हा साथीला रीगल, म्हणजे पत्तीचा छोटा, खरखरीत ऑर्गनच हवा.

ऐकणारा
वडिलांकडे ती कार्लोसची रेकॉर्ड होती. आठवीत असताना ती ऐकली नसती तर मी बाखकडे वळलोच नसतो. आज मात्र पूर्ण बाजू ऐकवत नाही, कान शिणतो. दोन्ही खरं आहे.

जवारी
मी ख्याल गाते, तेव्हा माझा मुद्दा सुराचा. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. पियानोचा गंधार त्याहून साधारण १४ सेंट चढा (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). मॉन्टेव्हेर्दीच्या काळी मीनटोन या सूर लावण्याच्या पद्धतीत असाच शुद्ध गंधार लावत. सिंथवर ऑसिलेटर हाताने लावता येतो ना? मग दोन सुरांमधले डोल (सूर न जुळल्याने आवाजात येणारी लाट) थांबेपर्यंत कानाने जुळवा. त्या संगीताचा तो गंधार यंत्रावरही मिळेल. पॅचकेबल, तुम्ही ट्यूनर बघून सरळ पियानोचे स्वर लावलेत का?

पॅचकेबल
हो, तसेच लावले. बाखला शुद्ध मीनटोन चालणार नाही, पण मॉन्टेव्हेर्दीसाठी हे करायलाच हवं. आणि रीगलच्या जवळ जायला सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या आकाराची) लहर चांगली आहे, तीही तशीच खरखरीत.

मंद्रसप्तक
रंग जवळ जाईल. पण रीगलची पत्ती वाऱ्यावर बोलते, भात्याचा दाब हलला की तीही हलते. ते कुठून आणणार? आणि बहिऱ्या ट्रॅकचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

पॅचकेबल
मान्य, कालपासून त्याचाच विचार करतोय. एक सुचवू? मी इन्व्हेन्शनचा वरचा आवाज पाठवतो. त्यावर तुम्ही खालचा चेलोवर वाजवा, हवं तिथे रेंगाळा. मग मी माझा ट्रॅक पुसतो आणि तुमचा चेलो ऐकत तो पुन्हा वाजवतो.

मंद्रसप्तक
हे चालेल. पण माझ्या तारा आतड्याच्या आहेत, चेलो ४१५ हर्ट्झच्या जुन्या, खालच्या पट्टीला लावलेला असतो. आजच्या ४४० ला चढवणार नाही.

पॅचकेबल
४१५ तर ४१५. ऑसिलेटर खाली आणतो. रविवारी सकाळी पाठवतो, खोली तापून ते सरकायच्या आत.