मंत्र्यांच्या दुबई दौऱ्यात नाव कसं लावायचं? तातडीने मदत हवी

रातांबा_कुडाळ:
नमस्कार. पुढच्या महिन्यात मंत्रीसाहेब दुबईला जातायत, खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला. सोबत उद्योजकांचं शिष्टमंडळ आहे. त्यात माझं नाव लागायला हवं. फॉर्म कुठे मिळतो? शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतोय.

तात्या_वाशी:
कोणते मंत्री? अन्न प्रक्रियावाले चिराग पासवान, वाणिज्यवाले पीयूष गोयल, की राज्यातले कुणी? आणि विकायचंय काय? ते लिहायला विसरलात.

रातांबा_कुडाळ:
कोकमाचं आगळ, अजून काय! नावावरून कळत नाही का? २०० लिटरचे ११ पिंप भरून ठेवलेत पडवीत. मंत्री कुठले ते विचारून सांगतो.

मीनल_शारजा:
'विचारून' म्हणजे कोणाला?
असो. इथे माल उतरवायचा तर लेबलवर अरबी हवं. अरबी स्टिकर चालतो, पण उत्पादनाची आणि मुदत संपायची तारीख स्टिकरवर चालत नाही, मूळ पॅकवरच छापलेली लागते. आमच्या ओळखीतल्या एकांचा लोणच्याचा माल एवढ्यावरून अडकला होता.

खवट_खोबरं:
मंत्र्यांचे दौरे म्हणजे सरकारी खर्चाने फोटो. फीत कापायची, मसाल्याची वाटी हुंगायची, परत. तुमचं आगळ कोण विचारतंय?

तात्या_वाशी:
खवटराव, १८ फेब्रुवारी २०२२ ला यूएईबरोबर सेपा, म्हणजे मुक्त व्यापाराचा करार झाला तो गोयलांच्याच सहीने. १ मेपासून लागू. तिथली ५ टक्के आयात ड्युटी आपल्या बहुतेक मालावरून गेली. मात्र प्रत्येक खेपेला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, जोडावं लागतं.

खवट_खोबरं:
आणि २०१४ ला युरोपने हापूस बंद केला तेव्हा? फळमाशी सापडली म्हणून १ मेपासून बंदी, ऐन हंगामात. उठली ती जानेवारी २०१५ मध्ये. पॅकहाऊसमध्ये नीट तपासणी सुरू झाली म्हणून उठली, कुणी विमानात बसलं म्हणून नाही.

तात्या_वाशी:
तपासणी सुरू झाली हे तिकडे जाऊन पटवलं कोणी? आंब्याने स्वतः?

भटकी_सुमन:
दुबईला जाताय तर सामानात खसखस नेऊ नका हं! तिकडे तो अमली पदार्थ धरतात. घरच्या मसाल्यातली पुडीसुद्धा नको. आणि तिथल्या करामा भागात वडापाव छान मिळतो.

देवगड_पायरी:
मूळ प्रश्नाकडे येतो. मी असाच एकदा गेलोय, शिष्टमंडळातून. नावं बहुतेक वेळा फिक्की, सीआयआयसारख्या उद्योजकांच्या संघटनांकडून जातात आणि विमान-हॉटेल आपल्याच खिशातून. छोट्यांनी त्यापेक्षा अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) पॅव्हिलियनमध्ये जागा मागावी. पण आयईसी आहे का? अपेडाची नोंदणी? अन्नसुरक्षेचं, एफएसएसएआयचं केंद्रीय लायसन्स?

रातांबा_कुडाळ:
एफएसएसएआय आहे, जिल्ह्यातून काढलेलं. आयईसी म्हणजे?

देवगड_पायरी:
अरे देवा. आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो. पॅन, बँक खातं, बस्स. तो आधी काढा, दुबई नंतर.

मीनल_शारजा:
मला एक कळत नाहीये. पुढच्या महिन्यात म्हणजे जुलैत ना? इथे जुलैत ४५ डिग्री असतं, तेव्हा कोण भरवतंय प्रदर्शन? गल्फूड, म्हणजे इथलं मोठं खाद्यप्रदर्शन, वर्षानुवर्षं फेब्रुवारीत असायचं, २०२६ ला २६ जानेवारीला सुरू झालं. नोव्हेंबरातलं गल्फूड मॅन्युफॅक्चरिंग मशिनरीवाल्यांचं. रातांबा, तुम्हाला हे सांगितलं कोणी?

रातांबा_कुडाळ:
एका ओळखीच्यांच्या ओळखीचे आहेत, मंत्रालयात ऊठबस आहे म्हणतात. शिष्टमंडळात नाव, व्हिसा, टेबल, सगळं मिळून ८५ हजार. १५ पाठवलेत, उरलेले शुक्रवारी. फॉर्म माझा मलाच मिळाला तर उरलेले ७० वाचतील म्हणून विचारत होतो.

तात्या_वाशी:
हे पहिल्या ओळीत लिहायचं हो!

खवट_खोबरं:
मी आधीच म्हटलं होतं.

तात्या_वाशी:
तुम्ही हे नव्हतं म्हटलं.

देवगड_पायरी:
पैसे कशाने पाठवले? यूपीआय? व्यक्तीच्या नावावर की संस्थेच्या? पावती? शिष्टमंडळाचं पत्र हातात आहे का, कुणाच्या लेटरहेडवर?

रातांबा_कुडाळ:
यूपीआय, त्यांच्या मिसेसच्या नंबरवर. पत्र व्हॉट्सॅपवर आलंय. त्यात 'गल्फ फुड्स' लिहिलंय आणि अशोकस्तंभ जरा आडवा ताणलेला आहे. मला वाटलं प्रिंटमुळे.

मीनल_शारजा:
१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आत्ता. नंतर इथे लिहा.

रातांबा_कुडाळ:
आधी त्यांनाच केला. दौरा पुढे ढकलला म्हणतात, १५ हजार पुढच्या दौऱ्यात वळते करतील. आता १९३० लावतोय, लाइन बिझी आहे.

भटकी_सुमन:
आगळ पुण्यात कुठे मिळेल? मीठ कमी असलेलं बघा, आमच्या ह्यांना बीपी आहे.